बारशाला नकाशा घेऊन या!

अहो, ऐकलंत का? फोंड्यात म्हणे आता बारशाला पंचांग लागत नाही, नकाशा लागतो. आमच्या ओळखीच्या एका घरात लेकीच्या नावांची यादी व्हॉट्सॅपवर फिरली: सिएना, सिडनी, फ्लोरेन्स, ब्रुकलिन. पाळणा वारखंड्यात आणि नाव न्यूयॉर्कच्या पेठेचं! पणजीबाईंनी चष्मा पुसून यादी दोनदा वाचली आणि विचारलं, "हीं नांवां गो, काय विमानांचें टायमटेबल?"

त्यातलं सिएना तर सर्वांत पुढे. इटलीतलं जुनं शहर, हे खरंच. पण शाळेतल्या रंगपेटीत 'बर्न्ट सिएना' नावाची बाटली असायची, झाडांची खोडं रंगवायला, ती आठवते का? तो त्याच गावच्या मातीचा रंग. भाजलेल्या मातीचा! तांबडी माती आपल्या डिचोलीत काय थोडी आहे? ट्रक भरभरून गेली, रस्त्याकडेची झाडंसुद्धा लाल झाली. पण कुणी लेकीचं नाव शिरगाव ठेवलेलं ऐकलंत?

आता नाकं मुरडायला कोण जमल्या होत्या ते ऐका. एक द्वारकाबाई, एक मथुराकाकू, दोन काश्या आणि पलीकडच्या आळीतल्या गोदावरीआत्या. म्हणजे अर्धं तीर्थाटन ओसरीवर बसून विचारत होतं, गावांची नावं माणसांना देतात का गो कधी? जुन्या लोकांचा हिशेब पक्का होता. काशीला जाणं काही होत नाही, तर काशीला हाक तरी मारावी, तेवढंच पुण्य. मग "गंगे, नळ बंद कर" म्हणा नाही तर "गये, गेलीस कुठे?" म्हणा, खात्यात जमा.

आणि पुराणातल्या बायकांची तर बातच सोडा. गांधारी गांधारची, कैकेयी केकयाची, माद्री मद्राची, कौसल्या कोसलाची, पांचाली पांचालची, मैथिली मिथिलेची. सगळ्याच माहेरच्या पत्त्यावर ओळखल्या गेल्या. आपल्याकडे सून आली की तिला अमकीकरीण तमकीकरीण म्हणतात ना, तेच राजवाड्यातही चालत होतं. फक्त व्यास-वाल्मीकींनी ते संस्कृतात लिहिलं म्हणून आपण हात जोडतो.

फ्लोरेन्सला हसू नका. नाइटिंगेल घराण्यातल्या लेकीचा जन्म 1820 साली फ्लोरेन्स शहरात झाला, म्हणून ती फ्लोरेन्स. तिची थोरली बहीण नेपल्सला जन्मली, तिचं नाव त्या गावाच्या जुन्या ग्रीक नावावरून पार्थेनोपी! आईबाप फिरतीवर असले की लेकरांची ही गत. ते जोडपं आपल्या तिस्कावर उतरलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारच नको. तरी मला विचाराल, तर 'तिस्का' काही वाईट वाटत नाही.

बाहेरच्यांचं जाऊ द्या, आपला मंगेश घ्या. अंत्रुजात रस्त्यात उभं राहून "मंगेश" अशी हाक मारा, चार जण वळून बघतील. त्या नावाची एक कथा घाबरलेल्या पार्वतीची; "त्राहि मां गिरीश" म्हणायला गेली आणि शब्दांची गडबड झाली. दुसरी कथा सरळ बिहारात नेते, गंगाकाठच्या मुंगेरच्या डोंगरावर. ती धरली तर आपले सगळे मंगेश मूळचे मुंगेरकर! देवसुद्धा एका जागी कुठे बसला? 1560 साली पोर्तुगीजांच्या धाकाने कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला. जिथले देवच बिऱ्हाड उचलून आलेले, तिथल्या लोकांनी परगावच्या नावांवरून नाकं मुरडावीत, हे जरा जास्तच होतं.

शेजारचे झेवियरबाबही यातून सुटत नाहीत. झेवियर हे मुळात स्पेनमधल्या नावार प्रांतातलं एक गाव, फ्रान्सिसबाबचं जन्मस्थान. बास्क भाषेत त्याचा अर्थ नवं घर. म्हणजे गोंयच्या सायबाला मराठीत नवघरे म्हणायला हरकत नाही! लुर्द हे फ्रान्समधलं गाव, कार्मेल हा डोंगर, माग्दालेना म्हणजे माग्दालाची. फातिमाची तर कमाल आहे. पैगंबरांच्या लेकीचं नाव पोर्तुगालातल्या खेड्याला मिळालं, 1917 साली तिथल्या मुलांना सायबिणीचं दर्शन झालं, आणि ते नाव बोटीत बसून आपल्या चर्चपर्यंत आलं.

मला यातली खरी गंमत निराळीच वाटते. लांबचं गाव असलं की आपण ते नावाला लावतो आणि जवळचं गाव आडनावात ढकलतो. शिरोडा, बोरी, बांदिवडे, म्हार्दोळ सगळी 'कर' लावून मागच्या बाकावर. दीनानाथांनी मंगेशीचं मंगेशकर केलं आणि ते जगभर गाजलं, पण तेही आडनाव म्हणूनच. पाळण्यातल्या पोरीला माशेल म्हणायची कुणाची छाती नाही. खरं तर माशेल इंग्रजी पाटीवर मार्सेल होतं, आणि मार्सेल म्हटलं की पॅरिसात टोपी काढून माणूस ओ देतो!

शेवटी त्या घरात काय ठरलं म्हणता? केरी! सुनेने शोधून काढलं. आयर्लंडमध्ये केरी नावाची काउंटी आहे, तिच्यावरून तिकडे मुलींची नावं ठेवतात, छोटं आणि छान. सासूबाई ताबडतोब खूश, कारण त्यांचं माहेर आपल्या फोंड्यातलं केरी. केसरबाईंचं केरी हो! 1977 साली व्हॉयेजर यानातून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यात केरकरबाईंची भैरवी आहे. म्हणजे हे गाव सूर्यमालेच्या बाहेर जाऊन बसलंय, आणखी किती फॉरेन हवं? सून आयर्लंडवर समाधानी, सासू माहेरावर. दोघींनी एकमेकींना काही विचारलं नाही, तेच बरं.

पण परवा पेडण्याची आत्या आली ती तेरेखोलाकडच्या केरीची. तिने आल्या आल्या सगळ्यांना पेढे वाटले, आपल्या गावचं नाव ठेवलं म्हणून. आणि सत्तरीतल्या केरीचे मामा रविवारी यायचेत. त्यांना अजून कुणीच काही सांगितलेलं नाही.