बी विंगचे कॅप्टन

विमान चालवणारा माणूस बदलापुरात राहतो, हे आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना पटतच नाही. "मग ते बांद्र्याला का नाही राहत?" असा त्यांचा पहिला प्रश्न. कॅप्टनचं उत्तर ठरलेलं आहे. आई इथे रमली आहे, आणि बांद्र्यात जेवढ्या पैशांत मोटार उभी करायला जागा मिळते तेवढ्यात कात्रपला टू बीएचके आला. पाहुण्यांची दुसरी शंका कॅप्टनच्या गॉगलबद्दल असते. गॉगल खरा आहे, पण सोसायटीने तो केव्हाच उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पातला ठरवून टाकलाय. यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हे ज्या पट्ट्यात पोराटोरांनाही पाठ आहे, तिथे अस्सल मालाची बाजू कोण घेणार?

सोसायटीची खरी तक्रार वेगळीच आहे. घरात वैमानिक असून सांगायला एक किस्सा नाही! कोजागरीला गच्चीवर दूध आटतं, सगळे गोल करून बसतात, आणि कोणीतरी आशेने विचारतं, "कॅप्टन, काल कुठे होतात?"

"बंगळूर."

"मग? काय झालं?"

"काही नाही झालं."

"परवा?"

"परवाही काही नाही."

हाच त्यांचा विमानशास्त्रावरचा मुख्य सिद्धान्त. ज्या फेरीबद्दल घरी येऊन सांगण्यासारखं काही उरत नाही, ती उत्तम फेरी. पस्तीस हजार फुटांवर बाहेर उणे पन्नासच्या खाली तापमान असतं, आत दोघे जण आकडे बघत बसलेले असतात, आणि ते आकडे कालच्यासारखेच असले की कॅप्टन खूश. आमचे जोशी अशा वेळी हळहळून म्हणतात, "कांदिवलीच्या चारकोपला त्या कॅप्टन अमोल यादवांनी गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं हो! 2016 मध्ये 'मेक इन इंडिया'त ठेवलं होतं. आणि आमचे कॅप्टन गच्चीवर पापडसुद्धा वाळवत नाहीत." यावर कॅप्टन रागावत नाहीत. "यादव मोठा माणूस," एवढंच म्हणतात आणि गच्चीच्या गळतीचा विषय काढतात.

जोशींकडे तळपदेही तयार असतात. 1895 मध्ये शिवकर बापूजी तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आधी, इत्यादी. कॅप्टन शांतपणे दूध संपवतात. "जोशी, जे विमान उडतं त्याची नोंद उरते. जेआरडी टाटा 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले, जुहूला उतरले. तारीख आहे, विमान कुठलं होतं ते आहे, मार्ग आहे. तळपद्यांचं लॉगबुक आणा, मी पहिला नमस्कार करतो."

या माणसाला चेकलिस्टचं व्यसन आहे. विमान सुरू करण्यापूर्वी एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने पाहून उत्तर द्यायचं, ही त्यांची कामावरची रीत. ती घरी येऊ नये अशी वहिनींची इच्छा होती. पण गावाला निघताना ती जिन्यात आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्याने चालते. "गॅस?" "बंद." "बघून सांग." "बंद आहे हो!" "गीझर?" "बंद." "आईच्या गोळ्या?" इथे वहिनी परत वर जातात. यंदाच्या सत्यनारायणाला गुरुजींनाही हा प्रसाद मिळाला. पंचामृतातली पाचही द्रव्यं कॅप्टनने मोठ्याने विचारली, आणि मध सापडला नाही तोवर संकल्प सोडू दिला नाही.

एकतीस डिसेंबरला ते कोकम सरबताचा ग्लास धरून उभे असतात. ड्युटीच्या आधी तोंडाने फुंकायचं यंत्र असतं, आणि उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य. कॅप्टन इतके सावध की आमच्या होमिओपॅथ डॉक्टरांचे थेंब आणि माउथवॉशही घेत नाहीत, कारण त्यांतही अल्कोहोल असतं. "म्हणजे विमानात पायलट पीत नाहीत?" असं विचारताना ए विंगच्या एका गृहस्थांचा चेहरा पडलेला मी स्वतः पाहिलाय.

त्यांचे खरे प्रतिस्पर्धी तळमजल्यावर राहतात. मोटरमनकाका. मध्य रेल्वेतून निवृत्त, हयात कर्जत-कसाऱ्याच्या लोकल चालवण्यात गेली. काकांच्या मते विमान म्हणजे चैन. "तुम्ही दोघं असता, वर ऑटोपायलट. मी एकटा, मागे बारा डबे, आणि डेडमॅनच्या हँडलवरून हात सुटला की ब्रेक." ऑटोपायलटचं नाव निघालं की कॅप्टन जरा सरसावून बसतात. ते यंत्र सांगितलं तेवढं करतं, काय सांगायचं हे माणसाने ठरवायचं, हे त्यांनी आजवर प्रत्येक मजल्यावर समजावलंय. व्ही-वन मात्र फक्त काकांना नीट समजला. उड्डाणाच्या धावेत एक वेग येतो, त्याच्या आत काही बिघडलं तर थांबायचं. तो ओलांडला की इंजिन गेलं तरी वर जायचं, कारण थांबायला धावपट्टी उरत नाही. काका म्हणाले, "कळलं. सुटलेल्या बदलापूर लोकलचा दांडा हातात आला की मग विचार करायचा नाही." कॅप्टन म्हणाले, इतकं सोपं ट्रेनिंगमध्येही कोणी सांगितलं नव्हतं.

बारावीच्या निकालानंतर कॅप्टनच्या दारात चपला वाढतात. "कॅप्टन, याला जरा समजवा, याला पायलट व्हायचंय." कॅप्टन मुलाकडे बघतात. "फिजिक्स, मॅथ्स आहे? बरं. आधी क्लास वन मेडिकल. पैसे त्यानंतर." मग गोंदियापासून परदेशापर्यंतच्या शाळा, व्यावसायिक परवान्याचे दोनशे तास, पन्नास लाखांच्या पुढे जाणारा खर्च, एअरबस की बोइंग त्याचं वेगळं टाइप रेटिंग, आणि एवढं करून जागा निघेपर्यंत वाट. "2012 मध्ये किंगफिशर थांबली, 2019 च्या एप्रिलमध्ये जेट. हजारो तासांचे लोक घरी बसले होते. आणि दर मेडिकलला नोकरी डॉक्टरच्या पेनात असते." बाप मनातल्या मनात कर्जाचा हप्ता काढत असतो. आई विचारते, "याचा दादरला क्लास असतो का हो?" मुलाला फक्त कॉकपिटमध्ये सेल्फी चालतो का एवढं हवं असतं. कॅप्टनची शेवटची अट: महिनाभर रात्री दोनला उठून, अंघोळ करून, हसऱ्या चेहऱ्याने चारला दारात उभं राहून दाखव. आजवर कोणी आठवडा काढलेला नाही.

नवी मुंबईचं विमानतळ झाल्यापासून सोसायटीला वाटतं, आता कॅप्टन चालत कामावर जाणार. त्याआधी नेवाळीची आशा होती. कल्याण-मलंग रस्त्यावर दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहेच, तीच का नाही सुरू करत? ज्या युद्धाने उल्हासनगरचे कॅम्प दिले त्याचीच ती शिल्लक. त्या जमिनीवर शेतकऱ्यांचा हक्काचा दावा आहे, 2017 च्या जूनमध्ये तिथे आंदोलन पेटलं होतं, वगैरे कॅप्टन सांगू लागले की काका मध्येच म्हणतात, "विमानतळाचं राहू द्या. आधी चिखलोली स्टेशन होऊ द्या."

गेल्या पावसाळ्यात आमचे सेक्रेटरी नागपूरहून येताना नेमके कॅप्टनच्या विमानात होते. मुंबईवर ढग फुटलेला. विमान खाली आलं, चाकं बाहेर आली, सेक्रेटरींनी मोबाइल हातात घेतला, आणि विमान एकदम गरजून परत वर! वीस मिनिटांनी उतरलं. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डापाशी सेक्रेटरी सांगत होते, "पहिल्यांदा चुकलं त्यांचं. दुसऱ्यांदा जमलं." कॅप्टन खाली आले. दोनशे फुटांवर दिवे दिसले नाहीत तर वर जायचंच असतं, दुसऱ्या विमानतळापर्यंत जाऊन पुन्हा अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं इंधन त्यासाठीच असतं, हे त्यांनी सांगितलं. सेक्रेटरी हसले, "अहो, पण जरा प्रयत्न करायचा!"

तेव्हा मोटरमनकाका खुर्चीतून उठले. "सिग्नल लाल दिसतोय आणि तुम्हाला घरी जायचंय म्हणून मी गाडी आत घालू? प्रयत्न करू? 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस इथेच, बदलापूर-वांगणीच्या मध्ये, पुरात उभी राहिली. हजारावर माणसं तासन् तास अडकली, पण सगळी घरी गेली. का? उभी राहिली म्हणून!"

"आम्हाला उभं राहता येत नाही काका," कॅप्टन म्हणाले. "म्हणून वर जातो."

त्या दिवसापासून दोघांची युती आहे. संध्याकाळी बाकावर बसून दोघे मिळून प्रवाशांना नावं ठेवतात. काल मात्र काकांनी विषय काढला. "कॅप्टन, तुम्हाला पासष्टला घरी बसवतात म्हणे. पुढे पास असतो का? मला रेल्वेने दिलाय. मी आणि ही, नुकतेच हरिद्वारला जाऊन आलो."

"नोकरीत असताना सवलतीत तिकीट मिळतं," कॅप्टन म्हणाले. "पण सीट रिकामी उरली तर."

"म्हणजे वेटिंग लिस्ट!" काका इतक्या आनंदाने ओरडले की ए विंगच्या खिडक्या उघडल्या.