वा-मार्गी साधक

मराठीत 'ध्यान' या शब्दाला दोन अर्थ आहेत. डोळे मिटून मन एका जागी बसवणं हा एक. आणि ज्याच्याकडे बघून 'काय ध्यान आहे!' असं तोंडातून निघून जातं तो इसम, हा दुसरा. दोन्ही अर्थ एकाच देहात सुखाने नांदताना बघायचे असतील तर शहरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी सोसायटीत सकाळी सहाला जावं. बाल्कनीत खास मागवलेली गोल उशी, उजव्या हाताला तिबेटी वाडगा, डाव्या हाताला मोबाइल, अंगावर शाल. वय पन्नाशीच्या आसपास, हुद्दा बरा, रक्तदाब किंचित वर. हे गृहस्थ ध्यान करतायत असा आपला समज होतो, पण तो चुकीचा असतो. ध्यानाची कुठली पद्धत आपल्याला 'सूट होते' हे ते तपासतायत. तपासणीला यंदा अकरावं वर्ष लागलं.

या तपासणीचा मार्ग बहुतेकांच्या बाबतीत सारखाच. सुरुवात इगतपुरीला, धम्मगिरीवर. दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा, पहिले तीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना. परत आल्यावर महिनाभर घरातली माणसं त्यांच्याशी कुजबुजत बोलतात. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं तिथून सांगून पाठवलेलं असतं. त्यातली संध्याकाळ पहिल्या आठवड्यात गळते आणि सकाळ गणपतीत. मग निदान होतं, की आपली प्रकृती बैठी नाही. म्हणून पुण्याला ओशोंचं सक्रिय ध्यान: दहा मिनिटं बेभान श्वास, दहा मिनिटं आरडाओरडा, दहा मिनिटं हात वर करून 'हू हू' करत उड्या, मग पंधरा मिनिटं जागच्या जागी पुतळा आणि पंधरा मिनिटं नाच. हे घरी करून पाहिल्यावर खालच्या मजल्यावरून सेक्रेटरीचा फोन येतो. मग मंत्र. मग 'मी मूळचा दृश्य माणूस आहे' असा शोध लागून समईच्या ज्योतीवर त्राटक. त्यानंतर अ‍ॅप, त्यात सलग किती दिवस बसलो याचा आकडा दिसतो, आणि तो सतरावर असताना लग्नाला नागपूरला जावं लागतं. आकडा शून्यावर येतो. अ‍ॅप सूट होत नाही.

या गृहस्थांची हौस खरी आहे, पैसे स्वतःचे आहेत, आणि उड्यांचा तो एक आठवडा सोडला तर उपद्रव कुणाला नाही. माझी तक्रार त्यांच्या निदानापुरती आहे. यादी नीट पाहिली तर प्रत्येक पद्धत त्यांना एकाच मुक्कामावर 'सूट' होईनाशी झालेली दिसते. नवलाई संपते, कंटाळा सुरू होतो, तो हा मुक्काम. पद्धती बदलतात, मुक्काम तोच. लोकल बदलली म्हणून कुर्ला चुकत नाही, तसंच हे.

कंटाळ्याची ताकद किती, याचा एक पुरावा २०१४ सालचा आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी माणसांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं आपल्या विचारांबरोबर एकटं बसवलं. करमणुकीला एकच सोय: बटण दाबलं की स्वतःलाच विजेचा झटका. हा झटका टाळायला आम्ही पैसे मोजू, असं आधी सांगितलेल्या १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी सहा जणींनी निदान एकदा तरी बटण दाबलंच. स्वतःच्या सहवासापेक्षा माणसाला वीज बरी वाटते, तिथे नवं शिबिर बरं वाटलं यात नवल ते काय? नवं शिबिर म्हणजे तेच बटण, फक्त नोंदणी आगाऊ करावी लागते. दुसरा पुरावा हर्बर्ट बेन्सन या हार्वर्डच्या डॉक्टरांचा. महेश योगींच्या पद्धतीने ध्यान करणाऱ्यांना त्यांनी प्रयोगशाळेत तपासलं, इतर परंपरांशी ताडून पाहिलं आणि १९७५ च्या आपल्या पुस्तकात चार गोष्टी सांगितल्या; पुढे त्यांतल्या दोनच अत्यावश्यक मानल्या: काहीतरी एक पुन्हा पुन्हा घोळवणं, आणि मधे आलेल्या विचाराशी न भांडता परत त्यावर येणं. ते 'एक' शब्द असो, नाद असो की श्वास. म्हणजे जे शोधण्यात अकरा वर्षं गेली ते सगळ्या दुकानांत एकाच भावाने मिळत होतं.

हे ऐकल्यावर आमचे गृहस्थ पतंजलींना पुढे करतात. वाचन दांडगं असतं. योगसूत्रांच्या पहिल्या पादात मन स्थिर करण्याचे एकामागून एक पर्याय दिलेत, बहुतेकांना 'वा' जोडलेला आहे, आणि शेवटी तर ज्याला जे रुचेल त्याचं ध्यान करण्याची मुभा आहे. मग शोधलं तर बिघडलं कुठे? मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण या पर्यायांच्या अगदी आधीचं सूत्र सांगतं, की विघ्नं टाळायला एकाच तत्त्वाचा अभ्यास करावा; आणि त्याच्याही बरंच आधी पतंजलींनी अभ्यासाची अट घातली आहे: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने. पतंजलींचा 'वा' संस्कृत आहे, 'किंवा' या अर्थाचा. आमच्या गृहस्थांनी तो मराठी समजून वाचला. प्रत्येक नव्या पद्धतीला 'वा!', आणि पुढे. वाममार्गाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. या वा-मार्गाकडे मात्र अभ्यासकांचं दुर्लक्ष झालं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पद्धती खरोखरच प्रत्येकाला मानवत नाहीत. श्वासाकडे लक्ष दिलं की काहींचा जीव घाबरा होतो, गुडघ्यांनी मान टाकलेल्याला मांडी हीच शिक्षा, आणि दीर्घ मौनात आधीचं मानसिक दुखणं उफाळून आल्याच्या नोंदीही आहेत. अशा माणसाने पद्धत बदलावी, खुर्ची घ्यावी, गरज पडली तर ध्यान बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. हे मला पूर्ण मान्य. पण त्रास होणं निराळं आणि काहीच न होणं निराळं. आमचे गृहस्थ नेहमी दुसऱ्या कारणाने सोडतात. 'काही जाणवलं नाही' हा त्यांचा शेरा असतो. जणू हॉटेलात सांगितलेली डिश आलीच नाही.

मग धीर धरायचा तरी किती? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा पाठपुरावा केला. रोजची साधी गोष्ट अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. म्हणजे नागपूरचं लग्न निर्दोष होतं. याच घरात आतल्या खोलीत आई गेली चाळीस वर्षं अंघोळ झाली की १०८ मण्यांची माळ ओढते. मधेच 'दूध बघ गं' म्हणते आणि त्याच मण्यावर परत येते. हे यांत्रिक आहे, असं बाल्कनीचं मत. असेल. पण बेन्सनच्या दोन्ही अटी ती दुधासकट पाळते, आणि आपल्याला ही पद्धत सूट होते का, हा प्रश्न तिला पडलेला नाही.

सध्या गृहस्थांना एका मित्राने सांगितलंय, की श्वासाइतकं मूलभूत काही नाही. म्हणून ते पुन्हा इगतपुरीचा फॉर्म भरतायत. 'यापूर्वी शिबिर केले आहे का?' या रकान्यापाशी अडलेत. जुना साधक म्हणून गेलं तर संध्याकाळी पाचला नुसतं लिंबूपाणी; नव्याला चहा आणि फळ. बराच विचार करून त्यांनी 'नाही' वर खूण केली आहे.