उतारेबाब

गोव्याच्या पेडण्यात उतारेबाब एकच आहे असे समजू नका. मांद्र्यात एक, पार्सेत दोन आणि धारगळला चहाच्या गाड्यापाशी तर अख्खी बैठक. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोप विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ही जमात डिचोलीपर्यंत फैलावली.

जमिनीचा जुना दलाल देवळाच्या पायरीवर बसून "हे भाट कुणाचे रे?" असे विचारायचा. उतारेबाब हा नवा दलाल; त्याला पायपीट मंजूर नाही. तो सरकारी संकेतस्थळावर गाव निवडतो, सर्व्हे नंबर घालतो, जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा उघडतो. कब्जेदारांची नावे एक्सेलमध्ये, तिथून चिकट लेबलांच्या कागदावर, लेबल लिफाफ्यावर आणि लिफाफा पोस्टात. मजकूर सगळ्यांना एकच: "आपली मालमत्ता विकावयाची असल्यास दिल्लीचे ग्राहक तयार आहेत."

ही विद्या त्याने कुण्या अमेरिकन दलालाच्या व्हिडिओवरून घेतली. तिकडे काउंटीच्या नोंदीत मालकाचा टपालाचा पत्ताही असतो. आपल्या एक-चौदावर शेताचे नाव मिळेल, जिरायत किती, बागायत किती तेही मिळेल. पत्ता तेवढा नाही. उतारेबाब डगमगत नाही. सर्व्हे नंबरलाच पत्ता मानून खाली 'पेडणे, ४०३५१२' छापतो. त्या पत्त्यावर काजूची झाडे असतात आणि एखादे वारूळ. बिचारा पोस्टमन ते पत्र त्या आडनावाच्या पहिल्या घरात देऊन मोकळा होतो.

नावे तरी कुणाची? मुक्तीनंतर मोजणी झाली तेव्हा जे हयात होते, त्यांची. पुढे म्युटेशन करून वारसांची नावे चढवायला कुणाला सवड झाली? एका आजींच्या हाती नवऱ्याच्या नावचे पत्र पडले. उतारेबाब मागोमाग हजर. आजी म्हणाल्या, "बाब, ते जाऊन वर्षे झाली. तिकडचा पिनकोड मिळाला तर मलाही कळव."

देवही सुटलेले नाहीत. कब्जेदार म्हणून 'श्री देव रवळनाथ' दिसले की त्यांनाही लेबल, आत "डिअर सर". जमीन विकायची की नाही यासाठी आता कौल लावायचा का, यावर महाजनांत म्हणे तासभर वाद झाला. मयेत तर आणखी बहार. पोर्तुगालला निघून गेलेल्या मालकांच्या जमिनी तिथे सरकारच्या कस्टोडियनकडे होत्या. उतारेबाबने त्याला 'मिस्टर कस्टोडियन' केले आणि सहकुटुंब साइट-व्हिजिटला बोलावले.

उताऱ्यावर कब्जेदाराशेजारी कुळाचा रकाना असतो, तिकडे मात्र तो चुकूनही बघत नाही. तिथे नाव निघाले की दिल्लीचा ग्राहक पहिल्या विमानाने परत, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

समजा, हजारात एक पत्र खऱ्या, जिवंत मालकाला पोचले आणि तो हो म्हणाला, तरी काय? १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आपल्याकडे अजून चालते. बायकोचा अर्धा वाटा, मुलगे-मुली समान वारस, विक्रीला नवरा-बायको दोघांच्या सह्या. म्हणजे वडिलोपार्जित भाटाला मुली आल्या, जावई आले, मुंबईचे पुतणे आले, लिस्बनची सून आली. एका होकारासाठी पुन्हा अख्खा कागदभर लेबले. उतारेबाब यालाच 'लीड वाढली' म्हणतो. गेल्या पावसाळ्यापासून त्याचा एकही सौदा झालेला नाही; छपाईवाल्याने मात्र नवी स्कूटर घेतली.

माझे मत विचाराल तर हा माणूस उपद्रवी असला तरी निरुपयोगी नाही. मामलेदार कचेरीने कधी घरी पाठवली नसती अशी आठवण तो पोस्टाचे तिकीट लावून फुकट पाठवतो. तेव्हा त्याचे पत्र आले तर फाडण्याआधी लेबल वाचा. वर आजोबांचे नाव असेल तर दिल्लीवाल्याला फोन करू नका. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन सरळ म्युटेशनचा अर्ज घाला.