पाना न उचलणारे मामा

एमआयडीसीतल्या कुठल्याही जुन्या कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये एक मामा असतात. पंप बंद पडल्याचा निरोप गेला की मामा येतात, पण पंपाकडे बघत नाहीत. आधी टाकीत डोकावतात, मग पाइपावरून हात फिरवत निघतात, मध्येच थांबून 'तंबाखूस सक्त मनाई'च्या पाटीखाली तंबाखू मळतात. प्रॉडक्शनचे साहेब तोवर लालबुंद झालेले असतात. 'मामा, पंप इकडे आहे,' असं एखादा नवा ट्रेनी सांगतोच. माझं म्हणणं असं, की मामांचा हा वेळकाढूपणा ही त्या खात्यातली सगळ्यात शिस्तीची गोष्ट आहे. पंपाच्या नावावर खपवलेले बहुतेक गुन्हे दुसऱ्याच कुणीतरी केलेले असतात.

'पंप पाणी उचलत नाही' हीच तक्रार घ्या. सेंट्रिफ्युगल पंप पाणी ओढत नाही. तो इम्पेलरच्या तोंडाशी दाब कमी करतो, आणि टाकीतल्या पाण्यावरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला ही हवा जेमतेम 10.3 मीटर पाणी तोलते. घर्षण वगैरे वजा जाता हाती सहा-सात मीटर उरतात. एवढ्या तुटपुंज्या भांडवलात फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबली किंवा फ्लँजचं गॅस्केट सुकलं, की धंदा बसलाच. वर लबाडी अशी, की टाकी पंपाच्या खाली असेल तर चालू पंपाच्या सक्शनला फट पडली तरी पाणी बाहेर येत नाही, हवा गुपचूप आत जाते. म्हणून मामा फ्लँजला साबणाचा फेस लावून तो कुठे आत ओढला जातो ते बघतात. पंप खोलणाऱ्याला आत चकचकीत, निर्दोष पंप सापडतो आणि जोडताना एक बोल्ट उरतो.

आवाजाचंही तेच. केसिंगमध्ये खडी फिरल्यासारखी खडखड ऐकली की साहेब बेअरिंग मागवतात. मामा स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवतात, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावतात, नाही म्हणून मान हलवतात आणि सक्शनचा व्हॉल्व्ह बघायला जातात. रात्रपाळीत कुणीतरी प्रवाह कमी करायला तो अर्धा आवळलेला असतो. त्यासाठी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळायचा असतो. सक्शन आवळलं की दाब इतका उतरतो की साधं गार पाणीही उकळतं, आणि त्याचे बुडबुडे इम्पेलरवर फुटून धातू कुरतडतात. मोटार नव्याने जोडताना दोन फेज अदलाबदल झाले तर पंप उलटा फिरतो, तरीही थोडं पाणी देतो! साहेब इम्पेलर झिजला म्हणून खरेदीची फाइल काढतात. मामा मोटारीचा पंखा आणि केसिंगवरचा बाण, एवढंच बघतात. ग्लँडमधून टपटप पाणी गळतं ते तर हवंच असतं, कारण त्यावरच शाफ्टभोवतीची पॅकिंगची दोरी गार राहते. गळती शून्य करायला नट पिळले की दोरी जळते आणि स्लीव्हवर चरे पडतात. ऑडिटच्या दिवशी मामा नटाला हात लावत नाहीत, खाली डबा ठेवतात.

आता सेन्सरचा जमाना आहे, मामा कशाला, असं कुणी म्हणेल. कंपन वाढलं हे सेन्सर मामांच्या कानाआधी सांगतो, आणि जिथे माणूस दिवसेंदिवस फिरकत नाही तिथे त्याला तोड नाही. पण तो ज्या बेअरिंगवर चिकटवलाय तिथली हालहवाल सांगतो. रात्री व्हॉल्व्ह कुणी फिरवला हे विचारायला पायीच जावं लागतं. दुसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. मामा काही लिहून ठेवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या निवृत्तीबरोबर हे सगळं शहाणपण गेटबाहेर जातं. लॉगबुक असतं, सहीही असते. हवा कुठून शिरत होती, व्हॉल्व्ह किती आटे बंद होता, यातलं अक्षरही त्यात नसतं. प्रत्येक तारखेपुढे एकच नोंद: 'पंप चेक केला. ओके.'