नळ सोडून दाखवतो, बगा

लातूरच्या अंबाजोगाई रोडपासून नांदेडच्या तरोड्यापर्यंत कुठल्याही कॉलनीत एप्रिल लागला की हा माणूस सापडतो. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत रेक्झिनची पिशवी. पिशवीत कुणाचा तरी सातबारा, कुणाचं पीआर कार्ड, गुंठेवारीचे कागद, नमुना आठ आणि इसार पावतीसाठी बाँड. कुणी एजंट म्हटलं की त्याला राग येतो. "एजंट विमा विकतेत. मी घर दाखवतो." दलाली मात्र दोन्हीकडून घेतो. सगळे त्याला काका म्हणतात, त्याच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा.

काकांचं एक दुखणं आहे. देवानं गिऱ्हाईक आणि ऊन एकाच महिन्यात दिलं. दहावीची परीक्षा संपली की अहमदपूर, गंगाखेड, मुखेड, देगलूर इकडची मंडळी पोराच्या शिक्षणासाठी लातुरात नाहीतर नांदेडात घर बघायला निघतात. वसमत-अर्धापूरकडच्या शेतकऱ्याची हळद याच सुमाराला मार्केटला जाते, हातात पैसा असतो. अक्षय तृतीयेचा मुहूर्त असतो. मृगाचा पाऊस पडला की हाच माणूस बी-बियाण्याच्या दुकानासमोर उभा, मग त्याला घर दाखवून उपयोग नाही. म्हणजे धंद्याचे महिने दोन, आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत मराठवाड्यातलं कुठलंही घर त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट अवस्थेत असतं. पारा 43 वर, गच्ची तव्यासारखी, तुळस वाळलेली, बोअर घरघरणारं आणि घरातली माणसं एकमेकांवर खेकसणारी.

अमेरिकेत अशा कामाला स्टेजिंग म्हणतात म्हणे. तिकडं भाड्यानं सोफे आणतात, टेबलावर लिंबांनी भरलेला काचेचा वाडगा ठेवतात, ओव्हनमध्ये बिस्किटं भाजून घरभर वास सोडतात. काकांना हे कुणाच्या तरी अमेरिकेतल्या मुलानं सांगितलं. काका लक्ष देऊन ऐकून म्हणाले, "आणि पाणी कसं दाखवतेत?"

प्रश्न अडाण्याचा नाही. लातुरात घर बघायला आलेला माणूस दिवाणखाना बघत नाही. तो चपला काढतो, 'घर छान आहे' म्हणतो आणि थेट मोरीकडं चालू लागतो. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. आगगाडीनं पाणी आलेलं ज्या गावानं पाहिलं त्या गावात इटालियन मार्बलचं कौतुक कोण करणार? काका सांगतात, त्या वर्षापासून त्यांनी फरशीविषयी बोलणं सोडलं. फक्त एकच वाक्य उरलं, "नळ सोडून दाखवतो, बगा."

हे वाक्य उच्चारता यावं म्हणून आदली रात्र खपावी लागते. बोअरला संध्याकाळपासून पूर्ण आराम. घरातल्यांनी आंघोळीसुद्धा शेजारी करायच्या. रात्रभरात खाली झिरपून जे साठतं ते सकाळी दहा मिनिटं जोरात येतं, नंतर मोटार नुसती हवा ओढते. ही दहा मिनिटं काकांच्या अंगात भिनलेली आहेत. पार्टी आली की ते गप्पा मारत मारत मोटारीचं बटण दाबतात, दोन इंची धार हौदात कोसळू लागते, पार्टीचा चेहरा उजळतो. काका पाण्याकडं बघतसुद्धा नाहीत. नवव्या मिनिटाला मालकावर ओरडतात, "अहो सर, बंद करा की! पाणी वाया जायलंय." पार्टीला वाटतं, पाणी असूनही जपून वापरणारी माणसं दिसतात.

बोअर अगदीच गेलं असेल तर पहाटे चारचा टँकर. ड्रायव्हरला ताकीद असते, हॉर्न वाजवायचा नाही, क्लीनरला हाका मारायच्या नाहीत. टँकर गेल्यावर फाटकाशी ओल राहते आणि मातीत टायरचे चर उमटतात. त्यावर उपाय म्हणून काका अंगणात भरपूर सडा घालायला लावतात. चर झाकले जातात, मातीचा वास सुटतो, आणि मे महिन्यात सडा घालणारं घर म्हणजे काय चीज आहे ते पार्टीला न सांगता कळतं. बिस्किटाचा वास त्यापुढं काय टिकणार!

सडा वाळायच्या आत तुळस येते. ती काकांची स्वतःची, प्लास्टिकच्या बादलीत लावलेली, स्कूटीच्या पायाशी बसून फिरते. यजमानांची काडी झालेली तुळस उपटून बादलीसकट ही वृंदावनात उतरवायची, वरून थोडी माती पसरायची. एका हंगामात ती लातूरच्या किती अंगणांत उभी राहते ते तिलाच ठाऊक. गच्चीला चुना मारायचा, कूलरच्या चौकटीत नवा वाळा भरायचा आणि तो कूलर पार्टी यायच्या आधी तासभर चालवून मागच्या खोलीत लपवायचा. पार्टी आत आली की काका नुसते थबकतात. "बगा, कूलर नाही, काही नाही. बांधकामच थंड हाय." वाळ्याच्या वासाबद्दल कुणी विचारलं तर तो देवघरातून येतो.

घर दाखवायची वेळ सकाळी सात ते साडेनऊ. दुपारी दोनला फोन आला तर काका हमखास 'रजिस्ट्री ऑफिसात' असतात.

सजावटीतला सगळ्यात अवघड भाग म्हणजे घरमालक. मालक बोलला की घर पडलं असं काकांचं मत आहे. कारण विकायला काढलेल्या घराविषयी मालकाच्या मनात वीस वर्षं साठलेलं असतं आणि अनोळखी माणूस दिसला की ते बाहेर येतं. 'इथं आल्यापासून माझी शुगर वाढली' असं एका गुरुजींनी इसाराच्या दिवशी सांगितलं होतं. त्याहून धोक्याचे म्हणजे बाजेवर बसलेले आजोबा. त्यांना ऐकू कमी येतं पण आठवतं सगळं. घर पाहायला पार्टी येणार म्हटलं की काका आधी विचारतात, "आजोबाला औशाला लेकीकडं पाठवता येईल का?"

भिंतींचं शास्त्र वेगळं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा जी पोरं शाळेत होती ती आता घरं घेण्याच्या वयात आहेत. ती भिंत बघत नाहीत, भिंतीवरचं कॅलेंडर बघतात. ज्या घरात कॅलेंडरं जास्त तिथं भेगा जास्त हे सगळ्यांना पाठ आहे. म्हणून काका घरात एकच कॅलेंडर ठेवतात आणि ते पार्टीसमोर स्वतःच्या हातानं उचलून मागची स्वच्छ भिंत दाखवतात. भेग असते लोखंडी कपाटामागं. कपाटात पुस्तकं ठासून भरलेली, ते चौघांना हलत नाही.

पुस्तकं कुणाची? तोच तर हुकमी एक्का. लातूर पॅटर्नच्या गावात घराला वास्तुशास्त्र एक आणि गुणवत्ताशास्त्र दुसरं. वरच्या मजल्यावरच्या नऊ बाय दहाच्या खोलीत काका एक टेबल, एक टेबल लॅम्प आणि फिजिक्सची फाटकी जाडजूड पुस्तकं मांडतात. भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता. दारात उभं राहून आवाज खाली आणतात. "या खोलीतून दोन डॉक्टर निघाले." आलेली आई पदर सावरून आत जाते, टेबलाला हात लावते. बाप विचारतो, "एमबीबीएस?" काका म्हणतात, "एक तर हायेच की." दुसऱ्याचं कुणी विचारत नाही. पोरगा लागला तर ठीक, नाही लागला तर हीच खोली कॉट बेसिसवर दुसऱ्यांच्या पोरांना देता येते, हा हिशेब बाप जिन्यावरच मांडतो. मे महिन्यात नीटच्या रविवारी मात्र काका घर दाखवत नाहीत. त्या दिवशी कुणाचंच चित्त थाऱ्यावर नसतं.

लोहा-अहमदपूर ओलांडून नांदेडला उतरलं की काकांचा राग बदलतो. तिथं विष्णुपुरीचं पाणी आहे, नळाचं तितकं अप्रूप नाही. तिथं पार्टीला भीती उलटीच, पाणी किती वर येतं याची. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या वस्त्या पावसाळ्यात सामान माळ्यावर चढवतात. पण मे महिन्यात गोदावरी अशी सोज्वळ, अशी कडेला सरकून बसलेली दिसते की तिच्यावर संशय घेणंही पाप वाटावं. सखल भागातलं घर काका म्हणूनच मे महिन्यात काढतात आणि गच्चीवर नेऊन सांगतात, "रिव्हर व्ह्यू." भिंतीवरची पुराची रेघ नव्या डिस्टेंपरखाली गेलेली असते, कमरेइतक्या उंचीपर्यंत टाइल्स बसवलेल्या असतात. टाइल्स एवढ्या उंच कशाला, असं विचारलं तर "पुसायला सोपं" हे उत्तर तयार. आणि ते खोटं नाही. काका खोटं बोलत नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं नमूद करतो. ते फक्त खऱ्याची वेळ ठरवतात.

अशा माणसाला हरवलं ते अहमदपूरकडच्या एका आजीनं. नातवासाठी घर बघायला मुलाबरोबर आली होती. खाडगाव रोडचं घर, तुळस हिरवी, सडा ओला. मोटार सुरू झाली, धार पडली. आजी आत गेलीच नाही. ती कंपाउंडच्या भिंतीशी उभी राहून एका जागेवर बोट फिरवत होती. बाकी भिंतीला ताजा रंग, पण तिथं वीतभर जागेतला रंग घासून खालच्या विटा चकचकीत झाल्या होत्या.

"काय बघायलाव, आजी?"

"पाइप घासायलाय बगा इथं," आजी म्हणाली. "लई वर्सं घासायलाय. रंग काल दिला व्हय?"

काकांच्या आयुष्यात पहिल्यांदा मोटार नवव्या मिनिटाला बंद झाली नाही. दहाव्या मिनिटाला ती घरघरली, अकराव्याला हवा ओकू लागली. आजीनं घर घेतलं, पण दोन लाख खाली पाडून. वर टँकरवाल्याचा नंबर मागून घेतला आणि बादलीतली तुळस 'घराबरोबरची' म्हणून ठेवून घेतली. तिची किंमत काकांनी अजून कुणाला सांगितलेली नाही.

तेव्हापासून काका घराबरोबर शेजारही सजवतात. समोरच्या वहिनींना आंबे, डावीकडच्या निवृत्त तलाठ्याला चहा, कोपऱ्यावरच्या पोरांना कुल्फी, आणि सगळ्यांना एकच पाठ. परवा औसा रोडला पार्टी आली तेव्हा पार्टीनं शहाणपणानं काकांना काही न विचारता फाटकाबाहेर क्रिकेट खेळणाऱ्या पोराला गाठलं. "काय रे, इथं टँकर येतो का?"

"नाही येत," पोरगं पढवल्यासारखं म्हणालं. काकांनी समाधानानं मान हलवली. मग पोरानं बॅट टेकवून पुढची माहिती दिली, "आज तुम्ही येणार म्हणून पहाटंच येऊन गेला."

काका क्षणभर त्या पोराकडं बघत राहिले आणि मागं उभ्या असलेल्या त्याच्या बापाला म्हणाले, "पोरगं हुशार हाय. नीटला बसवा याला. समोरच्या घरात खोली हाय बगा, दोन डॉक्टर निघालेत तिथून."