सहीला विमा कशाला!

प्रति,
आर्किटेक्टसाहेब (आपण, दोन ज्युनिअर आणि एक प्लॉटर),
शाहूपुरी, कोल्हापूर



नाव घालत नाही, कारण हे पत्र आपलंच आहे असं गावातल्या निम्म्या आर्किटेक्टांना वाटणार आहे.

गेली अकरा वर्षं मी आपल्या ऑफिसच्या पायऱ्या चढतो आणि चहा पिऊन उतरतो. गाडीचा विमा आपण माझ्याकडूनच घेता. २०१९च्या पुरात प्लॉटर बुडाला, तेव्हापासून ऑफिसच्या सामानाचाही घेता. ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’, म्हणजे आपल्या कामातल्या चुकीच्या भरपाईचा विमा, हे शब्द माझ्या तोंडून निघाले की मात्र आपल्याला साइटची आठवण होते. म्हणून जाहीर लिहितो; यातून तरी उठून जाता येणार नाही.

आपल्या धैर्याचं मला कौतुक आहे. लाखाची स्कूटर विम्याशिवाय गल्लीबाहेर न काढणारा माणूस दोन कोटींच्या बंगल्याच्या ड्रॉइंगवर सही ठोकून निवांत झोपतो. १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टने आपल्याला नोंदणी करायला लावली, विमा घ्यायला नाही. इंग्लंडातल्या आपल्या भाऊबंदांना किमान अडीच लाख पौंडांचं कवच बाळगावं लागतं. भित्रे लोक.

आपलं उत्तर मला पाठ आहे : ‘स्लॅब आरसीसीवाल्याचा, गळती प्लंबरची, तडा ठेकेदाराचा.’ बरोबर. पण आरसीसीवाल्याचं तोंड क्लायंटने पाहिलेलं नसतं, ठेकेदार फोन उचलत नाही, आणि वास्तुशांतीला जेवायला आपण गेला होता. मग बंगल्याचे मालक काका नोटीस कुणाला पाठवणार? सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये डॉक्टरांना ग्राहक कायद्यात आणलं, २०२४मध्ये वकिलांना बाहेर ठेवलं. आपण आतच आहात. शिवाय २०१९च्या कायद्याने तक्रारदाराला तो राहतो तिथेच तक्रार करायची सोय दिली आहे. म्हणजे बंगला कागलचा, पण काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले की तक्रार पुण्यात, आणि प्रत्येक तारखेला पहाटेची एसटी आपल्याला.

रेराचं तर काय सांगावं. गिऱ्हाइकांच्या पैशातले सत्तर टक्के बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते काढायचे तर काम किती झालं याचा आर्किटेक्टचा दाखला लागतो. मग शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो, ‘साहेब, पाचवा स्लॅब धरून टाका की, सोमवारी पडतोयच.’ आपल्या धंद्यात स्लॅब ‘पडला’ की पेढे वाटतात हे मला ठाऊक आहे, पण कोर्टातल्या माणसाला ते समजावून सांगावं लागेल. आणि हेही सांगून ठेवतो, जाणूनबुजून दिलेल्या खोट्या दाखल्याला माझी पॉलिसीही हात लावणार नाही.

गुन्ह्याचंही तसंच. महाडची इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली, १६ माणसं गेली, आणि गुन्हा नोंदवला तेव्हा बिल्डरबरोबर आरसीसी सल्लागार आणि आर्किटेक्टही त्यात होते. तिथे विमा कामाचा नाही. तो निष्काळजीपणाच्या भरपाईसाठी असतो, शिक्षेसाठी नाही.

आता पॉलिसीबद्दलही थोडं वाईट बोलतो, नाहीतर आपण मला एजंट म्हणाल. ही पॉलिसी चूक झाली त्या दिवसाकडे नव्हे, दावा आला त्या दिवसाकडे बघते. बंगला २०२१चा, नोटीस २०२४ची. तर २०२४ला पॉलिसी जिवंत हवी, आणि चूक पॉलिसीत लिहिलेल्या मागच्या तारखेनंतरची हवी. ‘यंदा मोठं काम नाही, एक वर्ष राहू दे’ म्हणून खंड पाडलात की ती मागची तारीख गेली. नवी पॉलिसी नव्या दिवसापासून मोजणार आणि आधीचे सगळे बंगले उघड्यावर. रिटायर झाल्यावरसुद्धा काही वर्षं हप्ता सोडता येत नाही, कारण आपण रिटायर होता, भिंती होत नाहीत. दाव्याचा पहिला हिस्सा आपल्या खिशातून, आणि वकिलाची फी बहुतेक वेळा विम्याच्या त्याच रकमेतून. नोटीस हातात पडल्यावर ‘आज पॉलिसी मिळेल का?’ असा फोन मला आजवर तिघांनी केलाय. तिघांनाही मी चहाला बोलावलं. दुसरं काय करणार?

सगळ्यात गमतीची अट शेवटची. कंपनीच्या परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही. समजा, टेरेसचा ढाळ उलटा निघाला, हॉलमध्ये बादली लावून वहिनी उभ्या आहेत, तरी आपण ‘चुकलं’ म्हणायचं नाही, ‘बघतो’ म्हणायचं. ही अट मात्र आपल्याला जड जाणार नाही. विमा नसतानाही आपण दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

आपल्या गाडीचा विमा या महिन्याच्या २३ तारखेला संपतो. त्या कागदासोबत दुसरा एक फॉर्मही आणतो आहे. त्यात वर्षाची फी लिहावी लागते, खरी. त्या दिवशी कृपया साइट ठेवू नये.

आपला,
चहाचा भागीदार