पद्मिनी, मारुती आणि माझा पंचा

पेडण्याहून नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला निघायचं ठरलं तेव्हा दारात दोन गाड्या होत्या: मामांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी आणि मामेभावाची 1992 ची मारुती 800. मारुतीचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. मी बसलो तर ती चढावर मागे येईल, असं घरातल्यांचं मत. पद्मिनीत पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मामा आणि मामी यांच्यामध्ये मी कसाबसा मावलो.

धारगळ, कोलवाळ, थिवी मजेत गेलं. अस्नोड्याच्या अलीकडे चढावर पद्मिनीने आचके दिले आणि ती थांबली. मारुती पुढे निघून गेली.

"व्हेपर लॉक," मामा म्हणाले, घरच्या जावयाची ओळख करून द्यावी तसे. इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप बिचारा वाफच ओढत बसतो. इलाज एकच, पंपावर ओलं फडकं. फडकं नव्हतं. देवळात नेसायला आणलेला माझा कोरा पंचा होता. मी काही बोलेपर्यंत तो भिजून पंपाला गुंडाळलाही गेला.

एक स्कूटरवाला थांबला. "पंप तापला मरे!" मग काजूच्या बागेतून एक आजोबा आले, मग आणखी दोघे. प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी पद्मिनी होतीच. धक्का मारायचा ठराव झाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. धक्क्याने वाफेचं पेट्रोल होत नाही, पण माझ्या देहाकडे पाहून शास्त्र कोण ऐकणार? मी ढकलली. ती हलली, सुरू झाली नाही.

"विका हो मामा हा डबा!" मी घामाघूम होऊन ओरडलो.

मामी शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या आईला एका रात्री म्हापशाच्या हॉस्पिटलात ह्याच गाडीतून नेलं. वाटेत एकदाही थांबली नाही."

मी पंच्यावर आणखी पाणी ओतलं.

पंप निवला, गाडी निघाली. मयेचं तळं काचेतून दिसलं. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेल्या देवळात मी पेट्रोलचा वास येणारा पंचा नेसून उभा राहिलो. मारुतीवाले प्रसाद खाऊन झाडाखाली पेंगत होते. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीही नव्हतं.

पहिली मारुती 14 डिसेंबर 1983 ला ग्राहकाच्या हाती पडली, 2014 मध्ये ती बनायची थांबली. पद्मिनी त्याआधीच संपली होती. 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. तेव्हा घ्यायची तर जुनीच. आरतीला वेळेवर पोचायचं असेल तर मारुती घ्या. वाटेत चार माणसं भेटायला हवी असतील तर पद्मिनी. मात्र तिला घेऊन पहाटेच निघा, आणि पंचे दोन ठेवा.